रस्त्याकडेचं भात

हरेश्वर पालव आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात. आमचे शिपाई सीताराम त्यांना घेऊन आले होते. दोघंही नायगावच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर राहायचे. साहेब आत फोनवर होते, म्हणून सीतारामनी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं. पाचएक मिनिटं ते टेबलाकडे पाहत बसले. मग माझ्या समोरच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, यातली तीन घरं कुठे गेली?"

तक्ता त्यांच्या बाजूने उलटा होता. वर मी 'एकूण घरे १४०' लिहिलं होतं आणि खालच्या रकान्यांची बेरीज १३७ येत होती. दोन दिवस मी त्याच तक्त्याशी खेळत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गिरगावात वाढलेली, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, शेत पाहिलेलं ते फक्त एसटीच्या खिडकीतून. आमची संस्था दादरला हिंदू कॉलनीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होती. शेतीसंशोधनाचे मोठमोठे कार्यक्रम चालायचे, नवं बी निघायचं, गावोगाव वाटलं जायचं. त्याचा शेतकऱ्याला खरोखर उपयोग झाला का, हे जाऊन तपासायचं आणि अहवाल द्यायचा, हे आमचं काम. प्रमुख होते जगदीश साठ्ये. अर्थशास्त्रातले विद्वान, शांत, सज्जन माणूस.

साठ्येसरांनी पालवांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आधी काय करत होता?"

"मिलीत होतो. फोल्डिंग खातं. चौदा वर्षं. कापड तयार झालं की टेबलावरून माझ्यासमोरून जायचं. कुठे धागा तुटलाय, कुठे डाग आहे, ते बघायचं आणि खूण करायची."

"मग आता?"

"संप." एवढंच म्हणून ते थांबले. त्या वर्षी आमच्या भागात तो शब्द पुरेसा होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला होता, दीड वर्ष उलटून गेलं होतं. काही मिली अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या होत्या, पण पालवांच्या मिलीने त्यांना परत घेतलं नव्हतं. बायको तुळसा परळच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करत होती. दोन मुली शाळेत होत्या.

"शेतीतलं काही कळतं?"

"कणकवलीकडे गावाला सहा गुंठे आहेत आमच्या वाटणीचे. संपात आठ महिने तिथंच होतो. भात लावतो, कापतो. शेतकरी म्हणवून घेण्याएवढं नाही कळत."

साठ्येसरांना ते शेवटचं वाक्य आवडलं असावं. शिवाय त्यांची अडचण होती. खाडीकाठच्या गावांत पाहणीला जायचं होतं, आणि नेमलेला पदवीधर तिथला चिखल आणि डास यांचं वर्णन ऐकून येईनासा झाला होता. पालवांना काम मिळालं.

कार्यक्रम खारजमिनीसाठीच्या भाताचा होता. रायगडात खाडीलगत जी शेतं आहेत, त्यांना समुद्राच्या पाण्यापासून मातीचा लांबलचक बांध राखतो. उधाणाला बांध फुटला, म्हणजे तिकडच्या भाषेत खांड पडली, की खारं पाणी आत शिरतं आणि मग तीन-चार वर्षं तिथे काही पिकत नाही. खार सोसेल असं नवं भात एका संशोधन केंद्राने तयार केलं होतं. चार गावांत एकशे चाळीस घरांना दोन वर्षं बी वाटलं होतं. आम्ही प्रश्नावली केली होती आणि त्यातला मुख्य प्रश्न मी स्वतः लिहिला होता: 'नवे बियाणे पेरले काय? होय / नाही.'

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पालव गेले आणि अकरा दिवसांनी परत आले. पाय खाऱ्या चिखलाने फुटले होते. फॉर्म मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे, गावाप्रमाणे बांधलेले. मी मोजले. एकशे चाळीसपैकी एकशे तीन घरांनी 'होय' सांगितलं होतं. शंभरात चौऱ्याहत्तर. एवढा चांगला आकडा मी कुठल्याच अहवालात पाहिला नव्हता.

"अभिनंदन, पालवभाऊ," मी म्हटलं.

"कसलं अभिनंदन? फॉर्म उलटा करून बघा."

प्रत्येक फॉर्मच्या पाठीमागे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. काहींवर रेघा मारून शेतांचे तुकडे काढले होते. मी म्हटलं, हे काय आहे ते तोंडी सांगा.

पहिले तीन दिवस त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते. जो तो 'होय' म्हणत होता. पण एवढ्या घरांत नवं भात लागलंय तर गावात त्याच्याविषयी कुणी एक शब्द का बोलत नाही, हे त्यांना कळेना. चौथ्या दिवशी सकाळी ते बांधावर चढले आणि गावाभोवती चालत सुटले. वरून सगळं शिवार दिसत होतं. नवं भात हळवं होतं, म्हणजे लवकर तयार होणारं. गावचं जुनं भात गरवं, ते दिवाळीनंतर पिकणारं. त्यामुळे त्या दिवसांत नवं भात पिवळं झालेलं आणि जुनं अजून हिरवं होतं. पालवांना दिसली ती डांबरी रस्त्याच्या कडेने गेलेली पिवळी पट्टी, आणि तिच्यामागे पार खाडीपर्यंत हिरवंगार.

खाली उतरून ते राधाबाईंच्या खळ्यावर गेले. राधाबाई म्हणजे तिथल्या एक विधवा शेतकरीण, आदल्याच दिवशी त्यांनी 'होय' सांगितलं होतं.

"राधाबाई, नवं बी पेरलंत ना?"

"पेरला ना. कालच सांगितला."

"कुठे पेरलंत?"

राधाबाई हसल्या. "ते काल कुठं विचारलात? रस्त्याला पेरला. साहेबलोक गाडीतून येतात, गाडीतूनच बघतात. त्यांचं भात त्यांना दिसाया नको? फुकट बी देतात, चार चांगल्या गोष्टी सांगतात. नाय पेरला तर वाईट वाटल त्यांना."

त्याला गावात 'साहेबांचा वाफा' म्हणत. घरटी चार-पाच गुंठे.

आपल्या मोठ्या शेतात का नाही पेरत, हेही राधाबाईंनी सांगितलं. सगळ्यांच्या आधी पिकतं म्हणून साऱ्या मुलखातली पाखरं त्याच्यावर उतरतात. आणि पेंढा आखूड. भात माणूस खाईल, पण बैलाने काय खायचं?

"म्हणजे बी वाया गेलं," मी म्हटलं.

"नाही ना. ऐका." पालवांनी एक फॉर्म काढला. तिसऱ्या गावात दोन वर्षांपूर्वी खांड पडली होती. तिथे तेरा घरांची जमीन खारवून पडीक झालेली. त्या तेरा घरांनी मात्र हे बी रस्त्याकडे न लावता खांडीजवळ लावलं होतं, सगळं मिळून सात एकर. जिथे गवत उगवत नव्हतं तिथे त्यांना एकरी आठ पोती भात आलं होतं. पालवांनी पावलांनी शेतं मोजली होती, आणि खळ्यावर उभं राहून पोती.

मी पुन्हा हिशेब मांडला. चार गावांत भाताखाली तीनशे एकर. नवं भात सोळा एकर. शंभरात पाच.

तीच गावं, तीच माणसं. एका बाजूने चौऱ्याहत्तर, दुसऱ्या बाजूने पाच.

साठ्येसरांनी दोन दिवस फॉर्म स्वतःकडे ठेवले. मग आम्हा दोघांना आत बोलावलं.

"पालव, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "पण विचार करा. पाच टक्के लिहिलं तर निधी देणारे कार्यक्रम बंद करतील. ते अहवालाचं पहिलं पान वाचतात, विसावं वाचत नाहीत. मग त्या तेरा घरांचं काय? शंभरातल्या चौऱ्याहत्तर घरांनी बी पेरलं हेही खोटं नाहीच. तेवढंच लिहू. कार्यक्रम चालू राहील, बी सुधारायला वेळ मिळेल."

मला ते पटलं. आजही मी ते सरळ खोडून काढू शकत नाही. साठ्येसर लबाड नव्हते. त्यांना त्या तेरा घरांची काळजी होती.

पालवांनी टेबलावरचे फॉर्म सरळ केले. मग म्हणाले, "सर, एक सांगू? गेल्या वर्षी आमची मिल म्हणाली, चारशे कामगार कामावर आले. युनियनची माणसं म्हणाली, एकही नाही. चाळीत रोज भांडणं. मी तीन दिवस गेटसमोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, पाळी सुटताना. मोजले. एकसष्ट."

"मग?"

"मग काय? आमच्या माणसांना सांगितलं, तर मला फितूर म्हणाले. दोन महिने कोणी बोलत नव्हतं. मालकाच्या माणसाला माझा आकडा कळला, तर त्याने नाव लिहून घेतलं. दोघांनाही एकसष्ट नको होते. पण सर, ते एकसष्ट जण होते. कुणाची बायको आजारी, कुणाचं काय. त्यांना कामावर का जावं लागलं, हे कुणी विचारलंच नाही. कारण एकाच्या हिशेबी ते चारशे होते, आणि दुसऱ्याच्या हिशेबी नव्हतेच."



"तुम्ही चौऱ्याहत्तर लिहिलंत," पालव म्हणाले, "तर पुढच्या वर्षी हेच बी आणखी चाळीस गावांत रस्त्याकडेला लागेल. खांडीजवळची तेरा घरं त्यात कुणाला दिसणार?"

साठ्येसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मालन, तुझं काय मत?"

मी म्हटलं, दोन्ही आकडे पहिल्या पानावर टाकू. सोबत पालवभाऊंचा नकाशा जोडू.

तसाच अहवाल गेला. आणि साठ्येसर म्हणाले होते अगदी तसंच झालं. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये कार्यक्रम बंद पडल्याचं पत्र आलं. आमच्या संस्थेला पुढचं काम मिळालं नाही. पालवांना ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी सरांना नमस्कार केला, मला म्हणाले, "तक्ते नीट बघत जा, बाई," आणि गेले.

त्या पावसाळ्यात मी एकदा नायगावला त्यांच्या घरी गेले. मनाला टोचत होतं. ते घरी नव्हते. लालबागला मसाल्याच्या एका दुकानात मिरच्या निवडायला लागले होते. तुळसाबाई ड्यूटीवरून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"तुमचो आकडो खरो आसा, माका ठाऊक आसा," त्या म्हणाल्या. "ह्यांका खोटा जमणा नाय. संपात पण तसाच केल्यानी. पण बाय, खऱ्या आकड्यान दरवेळी आमच्याच घरातलो माणूस कामावरसून जाता, ह्या कसा?"

 चहा संपवून मी निघाले. त्यांनी जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, सांभाळून उतर, पायऱ्या ओल्या आहेत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत एक तरणाताठा गृहस्थ आमच्या ऑफिसात आला. हातात आमचाच अहवाल, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. नाव गंगाधर तांडेल. वरळी कोळीवाड्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरातला, शेतकी शिकून संशोधन केंद्रात लागलेला.

"हा नकाशा कुणी काढला?" त्याने विचारलं. आवाजात राग होता. "हे बी माझं आहे. नऊ वर्षं घातलीत मी त्यात. तुमच्या एका अहवालाने माझं काम बंद पडलं."

मी त्याला लालबागला घेऊन गेले. मसाल्याच्या दुकानात शिरल्याशिरल्या आम्ही दोघंही शिंकायला लागलो. पालव मागच्या बाजूला पोत्यावर बसून मिरच्या निवडत होते. मी ओळख करून दिली. त्यांनी हात झटकून उठून नमस्कार केला.

"तुमचं बी वाईट नाही, साहेब," ते म्हणाले. "खांडीजवळ जे आलं ते दुसऱ्या कुठल्याच बियाणाला आलं नसतं. मी पोती मोजलीत."

गंगाधरने आणलेला राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. तो तिथेच दुसऱ्या पोत्यावर बसला. "मग लोक लावत का नाहीत? पाखरांचं वाचलं मी. पण पेंढ्याचं काय? नेमका किती आखूड?"

पालवांनी उभं राहून हात आधी कमरेशी धरला. "गावचं जुनं भात एवढं." मग हात गुडघ्याशी नेला. "तुमचं एवढं. बैलजोडी चार महिने पेंढ्यावर काढते."

गंगाधरने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "नऊ वर्षं मी लोंबीतले दाणे मोजले," तो म्हणाला. "पेंढा एकदाही मोजला नाही. आखूड दांडा वाऱ्यापावसात आडवा पडत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम आखूड करत होतो."

त्याच्याकडे केंद्रात जुन्या चाचण्यांतली बाजूला टाकलेली बरीच वाणं होती. खार सोसणारी, पण उंच म्हणून नापास झालेली. त्यांतली काही निमगरवी, म्हणजे ना लवकर ना उशिरा पिकणारी. मोठा निधी नव्हता. केंद्राच्या नेहमीच्या खर्चातून जेवढं बसेल तेवढं करायचं ठरलं. त्या पावसाळ्यात सहा वाणं खांडीजवळच्या तेरा शेतांत लागली. रस्त्याकडेला एकही वाफा लावायचा नाही, ही पालवांची अट होती. आणि पाहणीला कोण येणार, कधी येणार, हे गावाला आधी कळवायचं नाही, ही दुसरी.

निवड कुणी करायची यावर गंगाधर आणि पालव यांचा वाद झाला. शेवटी कापणीच्या वेळी राधाबाई आणि आणखी बारा बायका सहाही तुकड्यांतून फिरल्या. दाणे चावून पाहिले, पेंढा हातात पिळून पाहिला, भात शिजवून पाहिलं. सहातली चार वाणं त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली. एक गंगाधरचं सर्वांत लाडकं होतं.  उरलेल्या दोनांतलं एक चार वर्षांनी पक्कं झालं.

मोजणीला दर वर्षी पालवच जात. साठ्येसरांनी त्यांना पुन्हा कामावर घेतलं होतं, या वेळी महिन्याच्या पगारावर. ते भात हळूहळू अकरा गावांत गेलं, पण कुठेही शंभर एकरांत वीसच्या वर गेलं नाही. वरिष्ठ लोक विचारत, हे पसरत का नाही? पालव सांगत, "जिथे खार आहे तिथे लावतात, साहेब. जिथे नाही तिथे कशाला लावतील?" हे वाक्य मला प्रत्येक अहवालात निराळ्या शब्दांत लिहावं लागलं.

पुढची पंचवीसएक वर्षं ते आमच्यासोबत होते. मराठवाड्यातली ज्वारी, साताऱ्याकडचे पाणलोट, खूप फिरले. मिलीच्या जागी टॉवर उभे राहत होते. त्याविषयी ते फारसं बोलत नसत. एकदाच, दोन हजार तीनच्या सुमारास, हसत हसत सांगत आले. बंद मिलीतल्या कामगारांची पाहणी करायला एक मुलगी चाळीत आली होती. तिने विचारलं, 'संपानंतर पर्यायी रोजगार मिळाला का? होय की नाही?'

"मग काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, पोरी, चौदा महिने मिरच्या निवडल्या, ते यात कुठे लिहिशील? ती म्हणाली, काका, रकाना नाही. मी म्हटलं, पाठीमागे लिही." मग हसू ओसरलं. "तिने नाही लिहिलं. तिला अजून चाळीस घरं करायची होती. तिचा काय दोष?"

पुढे आमच्या कामात 'हवामानबदल' हा शब्द आला. फॉर्म चोवीस पानांचे झाले, मग फॉर्म गेले आणि हातात यंत्रं आली. नव्या मुलामुलींना शिकवायला पालवच असत. ते त्यांना पहिला दिवस प्रश्न विचारूच देत नसत. गावाभोवती चालून या म्हणत. मुलं कुरकुरत, पण जात.

दोन हजार अकरात, पहिल्या पाहणीला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, आम्ही दोघं त्या खाडीकाठी पुन्हा गेलो. एका कार्यक्रमाने विचारलं होतं, जुन्या संशोधनातलं काय टिकलं ते बघा. पालव पासष्ट वर्षांचे होते, गुडघे दुखत होते. तिसऱ्या गावात पोचलो तर खांडीजवळची ती तेरा शेतं नव्हती. बांध तीन ठिकाणी फुटून कायमचा गेला होता. शेतांत खारफुटीची तिवरं वाढली होती आणि भरतीचं पाणी त्यांच्यातून आत येत होतं. उधाण आता पूर्वीपेक्षा पुष्कळ वर चढतं, असं लोक म्हणाले. राधाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या सुनेने, बकुळाने, आम्हाला ओटीवर बसवलं.

"शेवटचं भात कधी निघालं तिथे?" पालवांनी विचारलं.

"आई होती तवर. दोन हजार पाचाला ते मोठं पाणी आलं, त्याच्यानंतर नाय."

मी वही उघडली, पण काय लिहावं सुचेना. "पालवभाऊ, काय म्हणायचं याला? यश की अपयश?"

ते पाण्याकडे बघत होते. वाईट वाटलं असणार, चेहऱ्यावरून दिसत होतं. "वीस वर्षं तेरा घरांनी आपल्या शेतातलं भात खाल्लं. मग समुद्र त्या भाताच्याही पुढे गेला. दोन्ही लिहा. वर्षं घालून लिहा."

बकुळाने जेवायला वाढलं. तांदूळ रेशनचा होता, तिने आपणहून सांगितलं. जेवण झाल्यावर पालव भिंतीला धरून उठले आणि चपला घालू लागले.

"कुठे निघालात?"

"वरच्या आळीत. या तेरा घरांतली माणसं आता कुठे आहेत, कशावर जगतात, ते बघून येतो. तुम्ही बसा, ऊन आहे."

मी अर्थातच बसले नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तेरापैकी नऊ घरांचा माग काढला. चार घरं मुंबईच्या दिशेने गेली होती, तिघांनी कोळंबीच्या तळ्यांवर मजुरी धरली होती, दोन तिथेच दुसऱ्याची जमीन कसत होती. उरलेल्या चार घरांचं कुणालाच काही सांगता आलं नाही. पालवांनी तेही तसंच लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्या किनाऱ्यावर विस्थापित घरांची पाहणी सुरू झाली, ती या यादीपासून.

ती पाहणी करायला मात्र ते गेले नाहीत. तुळसाबाई निवृत्त झाल्या होत्या आणि दोघंही काही महिने कणकवलीला जाऊन राहिले. तिथून मला त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. सहा गुंठ्यांत या वर्षी भात लावलंय, पाऊस चांगला आहे, चार पोती होतील असं शेजारी म्हणतात, आपल्याला तीन वाटतात.